चहा येईपर्यंत

शनिवारी दुपारी सुभेदारांच्या सोप्यावर सतरंजी पडली, की कुंडलमधल्या ज्यांना फुटबॉलमधलं कळतं आणि ज्यांना काडीचंही कळत नाही, अशी सगळी माणसं तिथं येऊन बसत. नियम एकच होता. हंबीरराव पलटणीतून निवृत्त होऊन गावी आले त्या साली त्यांनीच तो घालून दिला होता. आतून चहा येईपर्यंत कुणीही काहीही बोलावं. संघाला नावं ठेवावीत, सुभेदारांना ठेवावीत, त्यांच्या पोरालाही ठेवावीत. चहा आला की तोंडं बंद. मग सुभेदार एकेक जर्सी उचलून नंबर पुकारणार, आणि ज्याच्या हातात जर्सी पडली तो दुसऱ्या दिवशी झुंजार तालमीकडून मैदानात उतरणार.

बाहेरच्या लोकांना वाटायचं, संघ सुभेदार निवडतात. तो चहा कधी पाठवायचा हे विजयमालाबाई ठरवतात, आणि सोप्यावरचं बोलणं मनासारखं वळण घेईपर्यंत त्या आदणच ठेवत नाहीत, हे फक्त धाकट्या सुनेला ठाऊक होतं.

"आत्याबाई, आदण ठेवू?" अंकितानं विचारलं.

"थांब जरा. आज बोलू दे त्यास्नी."

"लय वेळ झाला. मामंजी दोनदा दाराकडं बघून गेलं."

"बघू देत. तानाजी आलाय का?"

"आल्यात. भिताडाला टेकून बसल्यात. एक शब्द न्हाई बोलल्यालं."

"त्यो कवा बोलतोय. त्यो फकस्त नऊ नंबर कुणाला जातोय त्ये बघाय येतोय."

अंकितानं हातातलं पातेलं परत खाली ठेवलं. नऊ नंबर तिच्या नवऱ्याचा, शिवतेजचा. मैदानाची भानगड तिला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून झाली होती. गावाबाहेरचं दोन एकर बागायती रान, निम्मं हंबीररावांचं, निम्मं त्यांच्या थोरल्या भावाचं. दोघा भावांनी तिथं ऊस लावायचा सोडून फुटबॉलचं मैदान केलं आणि चार माणसांत शब्द दिला, की आपल्या घरातलं एक तरी पोरगं जोवर झुंजारकडनं खेळतंय, तोवर ह्या रानात नांगर लागायचा नाही. ज्या मॅचला संघ आपल्या पोराबिगर उतरेल, त्या दिवशी शब्द सुटला. थोरला भाऊ गेला. त्याचं निम्मं रान आता त्याच्या पोराच्या, तानाजीच्या नावावर होतं. तानाजीची दोन्ही पोरं पुण्याला. जयराज, म्हणजे अंकिताचा थोरला दीर, कंबर गेल्यापासून खेळत नव्हता, त्याचा पोरगा भरती होऊन जम्मूला. अंकिताचं लेकरू अजून बालवाडीत. राहिला एकटा शिवतेज. छत्तीस वर्षांचा सेंटर फॉरवर्ड, दोन्ही गुडघ्यांना रोज रात्री तेल चोळून घेणारा.

आणि झुंजार तालीम जिल्हा लीगच्या ब गटात सगळ्यांत तळाला. उद्या सांगलीत मिरजेच्या पोरांशी शेवटची मॅच. जिंकलं तर टिकलो. बरोबरी झाली तरी लीगमधनं बाहेर.

सोप्यावर मघापासून सगळ्यांना एकेकदा झोडपून झालं होतं. कीपर उंच बॉलला घाबरतो, डाव्या बाजूचा पोरगा दमला की उभाच राहतो, पंच तर पहिल्यापासून आपल्यावर डूख धरून आहेत. ज्या नावासाठी सगळे जमले होते ते नाव मात्र कुणी घेत नव्हतं. शेवटी ते गंगाधरपंतांनी घेतलं. गंगाधरपंत सांगलीच्या हळद पेठेतले अडते, पण बायको कुंडलची, त्यामुळं अख्ख्या गावाचे जावई. त्यांचा मुलगा अनीश झुंजारकडून पुढं खेळायचा.

"सुभेदार, राग मानू नका," ते म्हणाले.

"जावईबापू, चहा यायचाय अजून. बोला."

"शिवतेजनं या हंगामात एकही गोल केलेला नाही. सेंटर फॉरवर्ड आहे तो. मी काही फार शहाणा नाही, पण दर रविवारी पेठ सोडून उन्हात बसतो. एवढं तर मला दिसतं."

सगळ्यांच्या नजरा तानाजीकडं गेल्या. तानाजी तळहातावर तंबाखू मळत होता, तो मळतच राहिला.

हंबीररावांनी मिशीवरनं हात फिरवला. "बरोबर हाय तुमचं. न्हाई केला. आता मी बोलू? गेल्या रविवारी तुमचं पोरगं गोलच्या तोंडात हुतं. कीपर पालथा पडल्याला. नुसता पाय लावायचा हुता. तर ह्यानं काय केलं, गर्रकन मागं फिरून शिवाला पास दिला. शिवाच्या अंगाला दोघं चिकटल्यालं. बॉल गेला, मॅच गेली. आवं, ज्याला म्होरचा गोल दिसत न्हाई त्याला उद्या कशाला उतरवू? अनीश भाईर बसंल."

"व्हय की," मागनं कुणीतरी म्हणालं. "त्या दिवशी म्या चप्पल फेकली हुती त्याच्या नावानं."

गंगाधरपंतांचा चेहरा उतरला. मुलगा शेजारीच मांडी घालून बसला होता. "अनीश, सांग ना काहीतरी. का दिलास पास? घरीही मी विचारलं, घरीही गप्प. अरे, तुला बाहेर बसवतायत."

अनीशनं मान वर केली आणि जयराजकडं पाहिलं.

शिवतेजनं ते पाहणं टिपलं. तसं तो ते कितीतरी आठवडे टिपत होता. बॉल पायात आला की ही पोरं एक क्षण मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या दादाकडं बघायची आणि मग बॉल शिवतेजकडं सोडायची. त्याला वाटायचं, पोरांचा आपल्यावर भरवसा आहे. आणि भरवसा आहे म्हणूनच दर चुकलेल्या बॉलनंतर त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रात्री अंकिता गुडघे चोळताना तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. एवढी चांगली पोरं, एवढे चांगले पास, आणि आपण नालायक, हेच त्याच्या डोक्यात घोळत राहायचं.

"दादाकडं काय बघतोयस रं?" तो म्हणाला. "माझ्याकडं बघ. का दिलास पास?"

"शिवादादा, राहू द्या ना. चुकलं माझं."

"चुकलं न्हाई. एकदा चुकतंय माणूस. त्या आधीच्या मॅचला कॉर्नरवरनं बॉल तुझ्या डोक्यावर आल्ता, तवाबी तू माझ्याकडं ढकललास. का?"

जयराज मधेच बोलला. "शिवा, पोराला का छळतोयस? आबा, चहा मागवा. लय झालं आज."

"न्हाई झालं," शिवतेज म्हणाला. "बोल रं."

अनीशनं जयराजवरची नजर काढली. "ठरलंय तसं. बॉल आधी तुम्हाला द्यायचा. समोर गोल मोकळा असला तरी तुम्हाला. गोल तुम्हीच करायचा."

"कुणी ठरवलं?"

सांगायची गरजच नव्हती, सगळा सोपा जयराजकडं बघत होता.

जयराज शिरवळच्या कारखान्यात सुपरवायझर, हाताखाली माणसं असलेला, पण त्या घटकेला त्याला आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. हंगाम सुरू व्हायच्या आधी, शिवतेज रानात पाणी पाजायला गेलेला असताना, त्यानंच पोरांना रिंगण करून बसवलं होतं. शिवाला गोल मिळत गेले तर त्याला काढा असं कुणी म्हणणार नाही, आणि शिवा राहिला तर मैदान राहील, एवढा साधा हिशोब त्यानं त्यांना सांगितला होता. पोरांनी माना डोलावल्या. ती बहुतेक सगळी त्याच मैदानावर रांगत मोठी झालेली, त्यांचे पहिले बूट ह्याच घरानं आणलेले. ती ऐकत गेली, जरा जास्तच ऐकत गेली. दोन मॅचमध्येच समोरच्या संघांना कळलं, की झुंजारचा बॉल शेवटी नऊ नंबरकडंच जातो, मग तेही शिवाला दोघं-दोघं चिकटवायला लागले. जयराजला ते दिसत होतं. पण आता सोडा म्हणायचं तर शिवा उघडा पडणार, मग मैदान जाणार. म्हणून तो दर रविवारी कडेला उभा राहून घसा बसेपर्यंत तेच ओरडत राहिला.

"मी ठरवलं," तो म्हणाला. "मैदानासाठी केलं. तुझ्यासाठी केलं."

"माझ्यासाठी?" शिवतेज उठून उभा राहिला. "दादा, आरं अख्खी लीग मला हसत आसंल. ही पोरं माझ्या ताटात गोल वाढत हुती आणि मला तेबी गिळता येत न्हवतं. आणि मी येडा, दर मॅचनंतर ह्यांचीच माफी मागतोय. एकदा तर मला सांगायचं."

"सांगितलं असतं तर तू खेळला असतास का?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय मग? संघ तळाला गेला की. माझ्यापायी न्हाई, तुझ्यापायी गेला."

"जया," हंबीरराव म्हणाले आणि थांबले. आयुष्यभर त्यांनी ह्या दोघांची भांडणं एका शब्दात मिटवली होती, आज तो शब्द सापडत नव्हता. शेवटी ते धाकट्यावरच उखडले. "शिवा, खाली बस. भावानं चूक केली, कबूल. पर कुणाचं घर भराय केली न्हाई. आजवर मैदान राहिलं न्हवं त्याच्यामुळं?"

दाराआड उभी असलेली अंकिता ते ऐकून पेटली. सासऱ्यांसमोर ती कधी मोठ्यानं बोलली नव्हती, आज पदर सावरून सरळ उंबऱ्यावर आली. "मामंजी, मैदान राहिलं. पर माणूस झिजला त्याचं काय? रातच्याला झोपत न्हाईत हे. मला म्हणत्यात, मी संपलो गं. आणि भावजी, तुमी दर शनवारी हितं जेवताय, ह्यांच्या पाठीवर थाप मारताय, आणि एवढं पोटात ठिवून?"

जयराजनं मान खाली घातली. त्याला भावजयीपेक्षा, समोरून काहीच न बोलणाऱ्या आईची भीती वाटत होती. विजयमालाबाई अंकिताच्या मागं येऊन उभ्या राहिल्या होत्या.

गंगाधरपंतांनी घसा साफ केला. सूर आपणच काढला आणि घर फुटलं, असं त्यांना वाटायला लागलं होतं. "असं करू या का? शिवतेजला बाकावर ठेवा, बदली खेळाडू म्हणून. शेवटची पाच मिनिटं उतरवा. म्हणजे संघही खेळेल आणि शब्दही राहील. काय तानाजीराव, चालेल ना?"

इतक्या वेळात पहिल्यांदा तानाजी बोलला. "पाच मिनिटं उतरला तरी उतरला. मी आडवं बोलणार न्हाई. शब्द त्यो शब्द."

सोप्यावर सगळ्यांनी श्वास सोडला. जयराजचा चेहरा जरा उजळला. हंबीरराव लगेच म्हणाले, "मिटलं मग. चहा आणा."

शिवतेज तसाच उभा होता. "मी बाकावर बसणार न्हाई."

"का? मानपान आडवा येतोय व्हय?"

"मानपान कसला आबा. मी बाकावर दिसलो तरी ही पोरं माझ्याकडं बघणार. गोल दिसला की आदी मी आठवणार. पाच मिनिटं मला उतरवायचंय म्हणून दादा घड्याळ बघणार, मॅच न्हाई बघणार. जिंकायचं असंल तर मी तिथं असूनच चालणार न्हाई. उद्याच्या संघात माझं नाव घेऊ नका."

"आणि मैदान?" जयराजचा आवाज चिरकला. "शिवा, उसाच्या लागणीचे दिवस आहेत. सोमवारी नांगर लागंल तिथं. निम्म्या मैदानावर काय खेळणार ही पोरं?"

"मला कळत न्हाई व्हय त्ये? तुझ्यापेक्षा जास्त मी लोळलोय तिथं." शिवतेजच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं कुणापासून लपवलं नाही. "पर ज्या मैदानापायी पोरांनी गोल करायचंच सोडून दिलं, त्ये ठिवून तरी काय करायचं?"

हंबीरराव उठले. त्र्याहत्तर वर्षांचा तो माणूस उठला की सोपा अजूनही सावरून बसायचा. "ह्या घरात संघ मी निवडतो. तुला खेळायचं का न्हाई हे तू ठरवायचं न्हाईस. चहा आणा म्हणतोय मी. बास झालं बोलणं."

विजयमालाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"ऐकू येतंय न्हवं? चहा."

"चहा झाला न्हाई," त्या म्हणाल्या. "आदण ठेवलंच न्हाई अजून."

"दोन तास काय करत हुता आत?"

"दोघी ऐकत हुतो. आवं, नियम तुमचाच हाय. चहा येईस्तोवर ज्याला बोलायचं त्यानं बोलायचं आणि तुमी ऐकायचं. पोराचं बोलून झालं न्हाई. त्याचं झालं की ठिवते आदण." मग त्या शिवतेजकडं वळल्या. "बोल रं. काय राहिलं असंल त्ये सगळं बोल."

हंबीररावांना आयुष्यात कुणी त्यांच्याच नियमात असं धरलं नव्हतं. गावासमोर नियम मोडायचा की पोरासमोर नमायचं, दोन्ही त्यांना जमण्यातलं नव्हतं. ते पुन्हा सतरंजीवर बसले. बायकोचा राग आला होता आणि त्याहून जास्त, तिनं आपल्याला थांबवलं याचं बरं वाटलं होतं. हे दुसरं त्यांनी मरेपर्यंत कबूल केलं नसतं.

शिवतेजनं जर्सींच्या चळतीतनं नऊ नंबरची काढली. आईनं सकाळीच धुऊन कडक वाळवलेली. ती त्यानं अनीशसमोर धरली.

"घे."

"नको, शिवादादा. तुमची आहे ती."

"घे म्हणतो न्हवं."

"मी ही घातली आणि मैदान गेलं तर गाव मला काय म्हणेल?" अनीश रडकुंडीला आला होता. "बाबा, तुम्ही सांगा ना यांना."

गंगाधरपंतांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. मघाशी त्यांना आपला मुलगा संघात हवा होता, आता तो ह्या ओझ्याखाली यायला नको होता.

"गाव काय म्हणायचं त्ये मला म्हणंल," शिवतेज म्हणाला. "तुला येवढंच सांगतो. उद्या बॉल आला की दादाकडं बघायचं न्हाई. मागं बघायचं न्हाई. मी तिथं नसणारच हाय. गोल दिसला की मारायचा. चुकला तर चुकला, तुझा चुकंल. माझ्यासारखं दुसऱ्यानं वाढल्यालं तरी तुला गिळावं लागणार न्हाई."

त्यानं जर्सी पोराच्या मांडीवर ठेवली नाही. नेऊन वडिलांच्या हातात दिली. "आबा, माझं बोलून झालं."

विजयमालाबाई आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.

चहा आला. कप फिरले. हंबीररावांनी एक घोटही न घेता कप बाजूला ठेवला आणि जर्सी पुकारायला सुरुवात केली. कीपर. दोन. तीन. जयराज दर नावाला मान हलवत होता, पण बघत होता अंगणाकडं. आठ झाला. मग हंबीरराव थांबले. नऊ हा आकडा त्यांच्या घराबाहेर कधी गेला नव्हता. आधी थोरल्या भावाचा, मग तानाजीचा, मग जयराजचा, मग शिवाचा.

"नऊ," ते म्हणाले. "अनीश गंगाधर."

पोरगं उठलं, सुभेदारांच्या पाया पडलं, जर्सी घेतली आणि जागेवर न जाता तिथंच उभं राहिलं. हंबीररावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढचा नंबर पुकारला.

माणसं पांगायला लागली. एरवी निवड झाल्यावर वाटेनं तासभर वाद चालायचा, आज सगळे खाली बघत चपला घालत होते. जयराज भावाजवळ आला. त्याला पुष्कळ बोलायचं होतं. शिवतेजनं त्याला हातानंच थांबवलं. "आज नको दादा. आज माझ्याच्यानं व्हायचं न्हाई." जयराजनं मान डोलावली आणि तो मागल्या दारी जाऊन एकटाच उभा राहिला.

तानाजी शेवटी उठला. पायरीवर बसून त्यानं चपला शोधल्या. जर्सी छातीशी धरून निघालेल्या अनीशला त्यानं हाक मारली.

"हिकडं ये. डाव्या पायानं मारताना अंग मागं टाकतोस तू. म्हणून बॉल आडव्या दांडीवरनं जातोय. छाती बॉलवर आण आणि मग मार. मी ह्याच नंबरवर खेळलोय, मला ठावं हाय."

"हो काका."

"जा. लवकर झोप."

पोरगं गेलं. तानाजीनं एक चप्पल पायात घातली, दुसरी बोटात धरली. मग मागं न बघता म्हणाला, "शिवा, मनात काय ठिवू नको. माझ्या बानं शब्द दिल्याला हाय. सुटला तर सुटला. मीबी तोंडानं फिरणार न्हाई."

"न्हाई तात्या, तुमचं काय चुकलं न्हाई."

"सोमवारी नांगर येईल."

"व्हय." शिवतेज त्याच्या शेजारी पायरीवर येऊन बसला. एक पाय दोन्ही हातांनी धरून त्यानं हळूच सरळ केला. "सकाळी ट्रॅक्टर लगेच घालू नका. वरच्या अंगाच्या गोलाचं खांब तुमच्या निम्म्यात येत्यात. लय खोल पुरल्यात, माझ्याच हातानं पुरल्यात. नांगर आडंल. मी पहार घेऊन येतो, काढून देतो, मग घाला."

तानाजीनं हातातली चप्पल खाली ठेवली. उठायचं म्हणून त्यानं गुडघ्यावर हात दिला, पण तो उठला नाही. शिवतेजच्या शेजारी तसाच बसून राहिला.